दगड ठेवले की झालं?

उसाचा सीझन सुरू झाला की आपल्या भागात रस्त्यावर एक वेगळाच सिग्नल दिसायला लागतो. डोक्याएवढे चार-पाच दगड आणि मधे खोचलेली बाभळीची नाहीतर लिंबाची फांदी. त्याच्या पुढं टायर फुटलेली किंवा एक्सल तुटलेली उसाची ट्रॉली. हा सिग्नल कुठल्याच लायसन्सच्या परीक्षेत विचारत नाहीत, पण त्याचा अर्थ आपल्याकडं शाळेतल्या पोरालाही कळतो: गाडी बंद पडलीय, तुमचं तुम्ही बघा.

दिवसा हे ठीक आहे. पण तुम्ही रात्री आठ-साडेआठला लायब्ररीतून, क्लासवरून किंवा मित्राच्या बहिणीच्या हळदीवरून बाइकवर परत येताय. राहुरी फॅक्टरीवरून देवळालीकडं वळायचंय, किंवा पुढं गुहा, कोल्हारला जायचंय. नगर-मनमाड रस्ता कसा आहे, ते मी तुम्हाला काय सांगणार! एक डोळा खड्ड्यावर, एक डोळा समोरून येणाऱ्या शिर्डीच्या गाड्यांच्या हाय बीमवर. अशा वेळी तो चार दगडांचा सिग्नल तुम्हाला नक्की कधी दिसतो?

जरा हिशोब करू. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्याला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक-दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २० मीटर संपले. त्यानंतर गाडी पूर्ण थांबायला कोरड्या, चांगल्या रस्त्यावर अजून २० मीटर तरी लागतात. आपल्या रस्त्याला ‘चांगला’ म्हणायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. डिपरवर असलेल्या बाइकचा उजेड जेमतेम तेवढ्याच अंतरापर्यंत पोचतो. त्यात समोरून मोठी गाडी आली की दोन-तीन सेकंद काहीच दिसत नाही. थोडक्यात, दगड दिसले तेव्हा उशीर झालेला असतो. कधी कधी तर पहिली धडक दगडालाच बसते आणि मग गाडी ट्रॉलीखाली जाते.

आता ट्रॉली बंद पडते हा काही कुणाचा गुन्हा नाही. गाडी आहे, पडणारच. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही मिळून वीस टनांच्या पुढं माल, घासलेले टायर आणि त्यात खड्डे. पाटा तुटतो, टायर फुटतो, दोन ट्रॉल्यांमधली पिन निसटते. ड्रायव्हरचं पोट खेपांवर असतं. तोडलेला ऊस जितका वेळ रस्त्यावर थांबेल तितका वाळतो, वजन घटतं. तो बिचारा काही हौसेनं उभा राहत नाही. थंडीत ट्रॉलीशेजारीच घोंगडी घेऊन झोपलेले ड्रायव्हर तुम्हीही पाहिले असतील. मागून कोणी धडकलं तर सगळ्यात आधी तेच चिरडतील, हेही लक्षात घ्या.

माझा आक्षेप बंद पडण्यावर नाही. बंद पडलेली गाडी अंधारात अदृश्य असते, त्यावर आहे.

पुढच्या वेळी उसाच्या ट्रॉलीमागून जाताना एक गोष्ट बघा. उसाच्या मोळ्या मागच्या फळीच्या बाहेर हात-दीड हात आलेल्या असतात. वाढं खाली लोंबतं. ट्रॉलीला टेललाइट असलीच तरी ती त्या हिरव्या-पिवळ्या झुलीच्या आत गडप. रिफ्लेक्टरवर चिखलाचा थर. दरवर्षी सीझनच्या सुरुवातीला रिफ्लेक्टर लावायचे कार्यक्रम होतात, फोटो पेपरात येतात. आम्हीच छापतो, त्यामुळं मला माहितीय. तो कापडी रिफ्लेक्टर उसावर बांधलेला असतो. ऊस खाली झाला की तो निघतो, परतीची रिकामी ट्रॉली पुन्हा काळीकुट्ट.

कायदा काय म्हणतो? कायदा व्यवस्थित आहे, हीच गंमत. मोटार वाहन कायद्याचं कलम १२२ सांगतं की कोणतीही गाडी किंवा ट्रेलर सार्वजनिक जागी धोका किंवा अडथळा होईल अशा स्थितीत सोडायचा नाही. ट्रेलर हा शब्द त्यात स्पष्ट आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे मागं लाल रिफ्लेक्टर हवेत आणि गाडी रस्त्यावर उभी असतानाही पार्किंग लाइट चालू हवी. रस्त्यात अडथळा केला तर जुन्या भारतीय दंड संहितेत जास्तीत जास्त २०० रुपये दंड होता. १८६० सालचा कायदा, तेव्हा २०० रुपये म्हणजे चिक्कार होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि कलम २८५ खाली हा दंड ५,००० रुपयांपर्यंत गेला.

इथं घरातले काका-मामा एक वाक्य हमखास टाकतात: ‘आजकालची पोरंच गाडी जोरात चालवतात.’ चालवतात, नाही असं मी म्हणत नाही. ट्रिपल सीट, कानात इयरफोन, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, हे मला रोज दिसतं आणि ते डोक्यात जातं. पण म्हणून अंधारात उभ्या केलेल्या गाडीचा दोष धुतला जात नाही. सुप्रीम कोर्टानं २०१८ मध्ये एका प्रकरणात हे सांगितलंय. रात्री रस्त्याच्या मधोमध पार्किंग लाइट न लावता गॅसचा टँकर उभा होता आणि त्यावर कार धडकली. हायकोर्टानं कारवाल्याचीही निम्मी चूक धरून भरपाई कापली होती. सुप्रीम कोर्टानं ते रद्द केलं आणि टँकर तसा उभा करणाऱ्यालाच जबाबदार धरलं. त्यामुळं ‘मागून धडकला म्हणजे त्याचीच चूक’ हे जे पारावरचं गणित आहे, ते कोर्टात टिकतंच असं नाही. तुमच्या ओळखीत कोणाच्या बाबतीत असं झालं असेल तर दावा सोडून देऊ नका, आधी वकिलाला विचारा.

पण मला कोर्टापेक्षा वजनकाट्याकडून जास्त अपेक्षा आहे. पोलीस हजार ट्रॉल्यांच्या मागं फिरू शकत नाहीत. आरटीओ रोज नाक्यावर उभं राहू शकत नाही. पण प्रत्येक ट्रॉली, मग ती जवळच्या कारखान्याची असो की लांबच्या, दर खेपेला दोनदा काट्यावर थांबतेच: एकदा भरलेली, एकदा रिकामी. वजनाची पावती तिथंच मिळते आणि पैसे त्या पावतीवर मिळतात. मग साधा नियम करा. मागच्या फळीच्या खालच्या लोखंडी चौकटीला, उसाच्या झुलीखालून दिसेल अशी लाल पट्टी नसेल, तर रिकाम्या ट्रॉलीची पावती नाही. कापड नको, चिकटणारी किंवा स्क्रूनं बसवलेली पट्टी. आणि प्रत्येक ट्रॅक्टरमध्ये घडी घालून ठेवायचा लाल त्रिकोण, दगडांऐवजी, आणि तो ट्रॉलीच्या बुडाशी नाही तर मागं पन्नास पावलं ठेवायचा. वाहतुकीचे करार सीझनच्या आधी होतात, त्यात दोन ओळी वाढवायला काय जातंय? सहकाराचा एवढा अभिमान सांगणारा आपला जिल्हा, देशातल्या पहिल्या सहकारी कारखान्यांपैकी एक शेजारी प्रवरानगरला उभा राहिला. घरचा ऊस कारखान्याला जात असेल तर तुमचे वडील किंवा आजोबा तिथले सभासद असतील. वार्षिक सभेत हा प्रश्न विचारायला त्यांना सांगा. कदाचित त्यांना ऐकायला आवडणार नाही, पण सांगा.

आपल्या बाजूचंही बोलू. टपरीसमोर डांबरावरच साइडस्टँडवर लावलेल्या आपल्या बाइक कलम १२२ मध्येच बसतात. त्यांच्यामुळं साईबाबांच्या पालखीबरोबर चालणारी माणसं साइडपट्टी सोडून रस्त्यावर येतात. आणि रात्री आपलीच गाडी पंक्चर झाली, चेन उतरली, क्लच वायर तुटली तर? बऱ्याच बाइकचं इंजिन बंद झालं की मागचा दिवाही बंद होतो. आपण काय करतो, मोबाइलचा टॉर्च चेनवर मारून तिथंच डांबराच्या कडेला उकिडवे बसतो. मागून येणाऱ्याला तुम्ही दिसतच नाही. आधी गाडी ढकलत डांबराच्या पूर्ण खाली न्या. दोघं असाल तर एकानं मागं थोडं लांब उभं राहून टॉर्च येणाऱ्या गाड्यांकडं, खाली रस्त्यावर धरून हलवत राहायचं. चेन दहा मिनिटं उशिरा बसली तरी चालेल.

ट्रॉली दुरुस्त होऊन पहाटे निघून जाते. दगड मात्र तिथंच राहतात, पुढच्या रात्रीसाठी. सकाळी कॉलेजला जाताना दिसले, तर जागा बघून, गाडी बाजूला लावून ते उचलून खाली टाका. दोन मिनिटांचं काम आहे. रात्री ट्रॉली अंधारात उभी दिसली तर ११२ ला फोन करा. लोकेशन सांगताना ‘फॅक्टरीच्या थोडं पुढं’ असं सांगू नका, पलीकडच्या माणसाला त्यातून काही कळत नाही. जवळचा किलोमीटरचा दगड बघून त्यावरचा आकडा सांगा, आणि गाडी रस्त्याच्या कोणत्या बाजूला आहे, नगरकडं जाणाऱ्या की शिर्डीकडं जाणाऱ्या, तेही.