हात कोठे थांबावा?

कापडाच्या पेढीवर बसणारा जाणता व्यापारी ठाण उलगडताच पोत बोटांनी ओळखतो. सूत कोणते, खळ किती, पहिल्या धुण्यात कापड किती आटेल, हे त्याला न सांगता कळते; म्हणूनच त्याच्या शब्दाला बाजारात किंमत असते. सौंदर्यसेवेच्या व्यवसायातही पत याच मार्गाने मिळते. फरक एवढाच की येथे हाताखाली कापड नसते, जिवंत त्वचा असते, आणि बिघडलेला माल परत घेण्याची सोय नसते.

अलीकडे व्यापारी कुटुंबांतील अनेक मुली व सुना सौंदर्योपचारांचे शिक्षण घेऊन घरच्या एखाद्या खोलीत किंवा छोट्या गाळ्यात हा व्यवसाय करू लागल्या आहेत. शिक्षणाच्या आरंभीच त्यांच्यापुढे शरीररचना आणि शरीरक्रिया यांचे पुस्तक येते. थ्रेडिंग आणि फेशियल शिकायला आलेल्या विद्यार्थिनीला प्रश्न पडतो की हाडांची, स्नायूंची आणि ग्रंथींची ही नावे कशासाठी घोकायची? सिडेस्को ही सौंदर्योपचारांची आंतरराष्ट्रीय संस्था 1946 साली स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमातही या विषयाला महत्त्वाचे स्थान आहे. त्याचे कारण एका साध्या प्रसंगातून समजून घेता येईल.

समजा, घरात लग्न आठ दिवसांवर आले आहे. एके दुपारी त्या घरातील चौघी एकदम पार्लरमध्ये येतात : नवरी, तिची आई, सात महिन्यांची गरोदर वहिनी आणि सत्तरी ओलांडलेली आजी. चौघींनाही लग्नात सुंदर दिसायचे आहे. परंतु चार देह चार प्रकारचे आहेत आणि प्रत्येकीच्या बाबतीत हात कोठे चालवावा व कोठे थांबवावा, याचे उत्तर वेगळे आहे.

त्वचेची भिंत

चौघींच्याही बाबतीत प्रथम त्वचा ओळखावी लागते. प्रौढ माणसाच्या त्वचेचे क्षेत्रफळ दीड ते दोन चौरस मीटर भरते. तिचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. अंगाच्या बहुतेक भागावर तिची जाडी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकीच असते. तळपायावर ती मिलिमीटरहून अधिक होते, तर पापण्यांवरील त्वचा साऱ्या शरीरात सर्वांत पातळ असते. बाह्यत्वचेच्या तळाशी नव्या पेशी जन्मतात, हळूहळू वर सरकतात, वाटेत मृत होतात आणि सुमारे चार आठवड्यांनी गळून पडतात. पृष्ठभागावरील या मृत पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये चुन्याचे काम करतात. या भिंतीमुळेच आतला ओलावा आत राहतो आणि बाहेरचे जंतू बाहेर राहतात.

हे एकदा समजले की पुष्कळशा चुका टळतात. स्क्रबने भिंतीच्या वरच्या सैल विटा निघतात आणि चेहरा उजळ भासतो. पण एकाच आठवड्यात तीन वेळा घासले, तर नव्या विटा तयार होण्यापूर्वीच जुन्या उतरवल्या जातात. त्वचा झोंबू लागते, लाल पडते. त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच पाचच्या आसपास असतो. साबणाचा पीएच नऊ-दहा भरतो, तर लिंबाच्या रसाचा दोनच्या जवळपास. म्हणून वारंवार साबण आणि वरून लिंबू, हा घरगुती उपाय निरुपद्रवी समजू नये.

नवरी

नवरीची पहिली मागणी बहुधा गोरेपणाची असते. त्वचेचा वर्ण ठरवणाऱ्या रंगद्रव्याच्या पेशी बाह्यत्वचेच्या तळाशी असतात. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळपास सारखीच असते. त्या किती आणि कोणत्या प्रकारचे रंगद्रव्य तयार करतात, यावर वर्ण अवलंबून असतो. भारतीय त्वचेचा एक स्वभाव विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तिला भाजले, घासले किंवा दाह झाला की ती अधिक रंगद्रव्य तयार करते आणि तेथे काळा डाग उरतो. गोरेपणासाठी केलेला आततायी उपचार वर्ण अधिक गडद करतो, तो असा.

जाणती सौंदर्योपचारक ब्लीचचे भांडे हाती घेण्यापूर्वी विचारते, “चेहऱ्याला सध्या काय लावतेस?” नवरी सांगते, “मैत्रिणीनं सुचवलेलं मलम. वर्षभर लावतेय. छान उजळलं होतं, पण हल्ली एक दिवस सोडलं तरी चेहरा लाल होतो.” हे उत्तर ऐकताच हात थांबला पाहिजे. असे मलम बहुधा स्टिरॉइडचे असते. ते आरंभी दाह दाबते आणि चेहरा नितळ भासतो. पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुमे व लव वाढते. या गैरवापरामुळेच 2018 साली केंद्र सरकारने अनेक स्टिरॉइड मलमांच्या विक्रीसाठी डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक ठरवली. अशा त्वचेवर ब्लीच, वॅक्स किंवा स्क्रब करणे म्हणजे आधीच पोखरलेल्या भिंतीवर घाव घालणे होय. तिला त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवावे. मलम मनाने एकाएकी बंद करण्याचा सल्लाही पार्लरमधून देऊ नये. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, तर त्या काळात आणि त्यानंतर सुमारे सहा महिने वॅक्सिंग टाळावे लागते, कारण त्वचा नाजूक होऊन केसांबरोबर सोलली जाण्याचा धोका असतो.

नाकाशेजारी पिकलेली पुटकुळी दिसली की ती दाबून काढण्याचा मोह होतो. नाकाचा वरचा भाग आणि तोंडाचे दोन्ही कोपरे यांना जोडणारा त्रिकोण मनात धरावा. या भागातील नीलांचा संबंध डोळ्यांमागून थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताशयाशी पोहोचतो. तेथे जंतुसंसर्ग जाणे आज दुर्मीळ असले तरी परिणाम गंभीर असतो. लग्नातील छायाचित्रांत पुटकुळी दिसली तर मेकअपने झाकता येते.

आई

आईला फेशियल आणि केसांना रंग हवा आहे. शरीरातील बहुतेक स्नायू हाडांना जोडलेले असतात. चेहऱ्याचे अनेक स्नायू मात्र त्वचेतच गुंतलेले असतात, म्हणून मनातला भाव चेहऱ्यावर उमटतो. मसाज करताना बोटे स्नायूंच्या ओळीने, हलक्या दाबाने फिरावीत. चेहऱ्यावरील सूज घालवण्यात लसिकेचा वाटा मोठा असतो. लसिकेला हृदयासारखा पंप नाही. स्नायूंच्या हालचालीने ती पुढे सरकते आणि कानापुढील, जबड्याखालील व मानेतील ग्रंथींतून वाहत गळ्याखालच्या आडव्या हाडामागे रक्ताला मिळते. म्हणून हात चेहऱ्याच्या मध्यापासून कानाकडे आणि तेथून मानेच्या बाजूने खाली यावा. ग्रंथी सुजलेल्या व दुखऱ्या असतील, तर शरीर संसर्गाशी लढत आहे असे समजून मसाज पुढे ढकलावा.

केस धुताना मान मागे टाकून बसण्याची पद्धत सर्वत्र आहे. मेंदूच्या मागील भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून वर जातात. मान फार वेळ व फार मागे वाकल्यास त्यांवर ताण येऊ शकतो. 1993 साली मायकेल वाइनट्रॉब या डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात असे पाच रुग्ण नोंदवले, तेव्हापासून वैद्यकात ‘ब्यूटी पार्लर स्ट्रोक’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. असे क्वचितच घडते. पण मानेखाली जाड टॉवेल ठेवणे आणि मान वाकण्याचा वेळ कमी करणे याला खर्च काहीच येत नाही. चक्कर, दुहेरी दिसणे किंवा बोलणे अडखळणे असे काही जाणवले, तर काम तत्काळ थांबवून रुग्णालय गाठावे.

केसांच्या काळ्या रंगात बहुधा पीपीडी हे द्रव्य असते आणि ते काहींना तीव्र ॲलर्जी करते. कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून 48 तास वाट पाहावी. पूर्वी दहा वेळा त्रास झाला नाही, हे अकराव्या वेळची हमी देत नाही, कारण ॲलर्जी शरीरात हळूहळू घडत जाते.

वहिनी

गरोदरपणात संप्रेरकांच्या बदलामुळे गालांवर व कपाळावर वांग उमटतो. त्यावर तीव्र ॲसिडचे पील करण्यापेक्षा उन्हापासून जपणे श्रेयस्कर. बाळंतपणानंतर तो पुष्कळदा आपोआप फिकट होतो. सातव्या महिन्यात तिला पाठीवर सपाट झोपवू नये. वाढलेल्या गर्भाशयाचा भार पोटातील मोठ्या नीलेवर पडतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि घेरी येते. तिला डाव्या कुशीवर वळवावे किंवा पाठीशी उशा देऊन अर्धवट बसवावे. विद्युतप्रवाहाची उपकरणे दूर ठेवावीत. पायावरील शिरा फुगलेल्या असतील, तर तेथे गरम वॅक्स आणि जोराचा मसाज नको. एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, तर तिला स्पर्शही न करता डॉक्टरांकडे पाठवावे. तेथे रक्ताची गुठळी असू शकते आणि मसाजाने ती सुटून फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

आजी

आजीला फक्त पाय स्वच्छ करून हवे आहेत. चौघींत हेच काम सर्वांत सोपे वाटते आणि याच कामात सर्वांत जपावे लागते. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या मज्जातंतूंची जाणीव मंदावते आणि रक्तपुरवठाही कमी होतो. पाणी भाजते आहे, हे आजीला कळणार नाही. जखम झाली तर दिसणार नाही आणि झालेली जखम लवकर भरणार नाही. म्हणून पाण्याची ऊब सौंदर्योपचारकाने स्वतःच्या कोपराने पाहावी. पाय फार वेळ भिजवू नयेत, टाचांवर ब्लेड चालवू नये, कुरूप कापू नये, नखे सरळ कापावीत आणि कोपरे खोलवर कोरू नयेत. बोटांमधली जागा कोरडी करावी. पायावर जखम, काळवंडलेली बोटे किंवा न भरणारा व्रण असेल, तर पेडिक्युअर न करता घरच्यांना तेथेच सांगावे. एका छोट्या जखमेपायी पाय गमावण्याची वेळ आलेली माणसे अनेक कुटुंबांत आहेत.

नकाराची पत

त्या दुपारी नवरीचे ब्लीच झाले नाही, आईचा रंग दोन दिवसांनी ठरला, वहिनीला अर्धवट बसवून हलके फेशियल झाले आणि आजीचे पाय कोमट पाण्याने स्वच्छ झाले. गल्ल्यात त्या दिवशी कमी रक्कम पडली, हे खरे. परंतु व्यापारी घरातील माणसाला हे निराळे सांगायला नको की, गिऱ्हाईक एका व्यवहाराने जोडले जात नाही आणि एका फसलेल्या व्यवहाराने मात्र कायमचे तुटते.

पेढीवर प्रत्येक गिऱ्हाइकाचे खाते असते, तसे पार्लरमध्येही असावे. नाव, आजार, चालू औषधे, ॲलर्जी, गरोदरपण, मागील उपचाराची तारीख आणि त्वचेने दिलेला प्रतिसाद, एवढ्या नोंदी पुरेशा आहेत. आजारांविषयीची माहिती विश्वासाने दिलेली असते, म्हणून ती वही इतरांच्या हाती पडू नये. हत्यारांच्या बाबतीतही हेच गांभीर्य हवे. हिपॅटायटिस बी या काविळीचा विषाणू वाळलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकू शकतो, तेव्हा प्रत्येकीसाठी नवे ब्लेड आणि धातूच्या अवजारांसाठी ऑटोक्लेव्ह, हा नियम ठेवावा.

गृहिणींनीही आपली दृष्टी थोडी बदलावी. पार्लर निवडताना आरसे आणि सवलतीचे फलक पाहिले जातात. तेथील स्त्री काम सुरू करण्यापूर्वी प्रश्न विचारते का, हे क्वचितच पाहिले जाते. “आज हे करू नका” असे सांगणारी स्त्री आपली कमाई सोडून समोरच्या देहाची काळजी वाहत असते. तिचा नकार अपमान मानू नये. पुढच्या खेपेस मुलीला, सुनेला आणि आजीला तिच्याकडेच न्यावे.