काडतुसांची मोजदाद, भरमारचे काय?

गोंदिया जिल्ह्यात शस्त्रांचा विषय निघाला, की नक्षलवाद्यांच्या बंदुका डोळ्यांसमोर येतात. देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांनी ही दहशत अनेक वर्षे अनुभवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र-मध्य प्रदेश-छत्तीसगड विभागाचा प्रवक्ता अनंत याने सहकाऱ्यांसह गोंदियात शस्त्रे खाली ठेवली. हे सावट विरत असताना एका जुन्या, दुर्लक्षित प्रश्नाकडे पाहण्याची संधी आली आहे. तो प्रश्न हाताने भरल्या जाणाऱ्या दारूगोळ्याचा आहे.

अमेरिकेत बाजारातून शिशाच्या ओतीव गोळ्या आणून, वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरून रिव्हॉल्व्हरची काडतुसे घरीच तयार करणे हा रूढ छंद आहे. त्यात पैसे वाचतात. भारतात मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार दारूगोळ्याचे सुटे भाग आणि तो बनविण्याची यंत्रसामग्री हीसुद्धा 'दारूगोळा' ठरते. परवान्याविना त्याचे उत्पादन केल्यास, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. रिव्हॉल्व्हरधारकाने अधिकृत विक्रेत्याकडूनच तयार काडतुसे घ्यायची आणि त्यांची नोंद ठेवायची, ही यामागील भूमिका आहे. खडकीच्या कारखान्यातील काडतूस मोजता येते, त्याचा हिशेबही मागता येतो.

याच कायद्याचे कलम १३ मात्र पीकसंरक्षणासाठी तोंडाकडून भरायच्या बंदुकीला परवाना देण्याची तरतूद करते. ही बंदूक म्हणजे खेड्यांतील भरमार. तिच्यात प्रत्येक बाराला दारू आणि शिसे हातानेच ठासावे लागते. म्हणजे शहरी परवानाधारकाला जे वर्ज्य, ते धान पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्या बाबतीत कायद्याने गृहीतच धरले आहे. तेथे काडतूस नाही, त्यामुळे काडतुसांची मोजदादही नाही. परवाना नसलेली भरमार तर कोणत्याच नोंदवहीत नसते. पिकाच्या राखणीसाठी उचललेली बंदूक शिकारीसाठी कधी वळते, हे त्यामुळे कळत नाही.

नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरात हा भेद केवळ कागदावरचा राहत नाही. शिशाच्या गोळीने जखमी होऊन रानात मेलेले जनावर गिधाडे व गरुडांच्या पोटात विष घालते. कॅलिफोर्नियात काँडोर पक्ष्यांच्या विषबाधेनंतर निर्बंध वाढत गेले आणि जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर संपूर्ण बंदी आली. युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागी शिशाचे छर्रे बंद केले. तलावांच्या आणि सारसांच्या गोंदियाने याची दखल घेणे अगत्याचे आहे.

केवळ छापे घालून हा प्रश्न सुटणार नाही. शिसे कुठेही मिळते आणि चुलीवर वितळते. त्यावर पहारा ठेवता येत नाही. रानडुकराने एका रात्रीत धान लोळवल्यावर भरपाईसाठी महिनोन् महिने थांबावे लागले, तर भरमार बाहेर निघणारच. वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ पिकांची नासधूस करणाऱ्या अनुसूची दोनमधील प्राण्यांबाबत वनाधिकाऱ्यांना परवानगीचा अधिकार देते. तो निर्णय वेळेत व्हावा, नुकसानीचा पंचनामा तातडीने व्हावा आणि परवान्याच्या भरमारांची नियमित तपासणी व्हावी. शेतकऱ्याला बंदुकीची गरजच भासू नये, हाच शस्त्रनियंत्रणाचा खात्रीचा मार्ग आहे.