लूपचा दोष आणि त्याचा शोध

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं एखादा मुलगा किंवा मुलगी महाविद्यालयांत 'सी' ही संगणकाची भाषा शिकत असेल. डेनिस रिची यांनीं ती अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९७२ च्या सुमारास सिद्ध केली. पहिले धडे सुखानें पार पडतात. परंतु लूप, म्हणजे एकच काम ठराविक वेळां पुन्हां पुन्हां करविण्याची योजना, आली कीं पाय अडखळतो. उत्तर चुकतें किंवा प्रोग्राम थांबतच नाहीं. दोनचार रात्री अशा गेल्या कीं 'हा विषय आपला नव्हे' असा ग्रह होऊन बसतो. हा ग्रह बहुधा निराधार असतो, हेंच आम्हांस आज सांगावयाचें आहे.

एक उदाहरण घेऊं. पांच विषयांच्या गुणांची बेरीज करावयाची आहे. विद्यार्थी लिहितो: क शून्यापासून धरावा, तो पांचाहून लहान किंवा पांचाइतका असेपर्यंत फेरा चालवावा, प्रत्येक फेऱ्यास क एकानें वाढवावा. वरवर पाहतां यांत वावगें कांहींच दिसत नाहीं. परंतु 'सी'मध्यें पांच गुणांचे क्रमांक ० ते ४ असे असतात. म्हणून फेरे सहा होतात, सहाव्यांत शेजारच्या जागेंतला भलताच आंकडा बेरजेंत येऊं शकतो, आणि कंपायलर बहुधा हूं कीं चूं करीत नाहीं. एका रांगेंतील पांच खांबांत खण चारच पडतात, हें वाड्यांत वाढलेल्यास सांगावयास नको. ही चूक त्याच जातीची. अटींत 'लहान किंवा तितका' याऐवजीं नुसतें 'लहान' हें चिन्ह घातलें कीं काम झालें.

इतर दोषही असेच ओळखीचे आहेत. बेरजेचें घर आरंभीं शून्य न करणें. 'फॉर'च्या कंसापुढें चुकून अर्धविराम देणें, ज्यामुळें लूप रिकामाच फिरतो. 'व्हाइल'मध्यें क वाढविण्यास विसरणें, ज्यामुळें तो कधींच संपत नाहीं.

अशा वेळीं चिन्हें अंदाजानें बदलून पाहण्याचा मोह टाळावा. त्या रीतीनें उत्तर एखादे वेळीं जुळतें, पण दोष कळत नाहीं. कागद घेऊन तीन रकाने आंखावे: क, अट खरी कीं खोटी, आणि बेरीज. मग यंत्राच्या जागीं स्वतः बसून एकेक फेरा लिहीत जावें. पहिला व शेवटचा फेरा विशेष बारकाईनें पाहावा, कारण दोष बहुधा कडेलाच दडलेला असतो.

हें केवळ नवशिक्यांपुरतें नाहीं. ३१ डिसेंबर २००८ रोजीं मायक्रोसॉफ्टचीं 'झून' नांवाचीं गाणीं ऐकण्याचीं यंत्रें एकाएकीं ठप्प झालीं. त्यांतील तारखेच्या गणिताचा लूप दिवस ३६५ हून अधिक असेपर्यंत चालावयाचा होता. पण लीप वर्षीं ३६६ हून अधिक असले तरच वजाबाकी होई. २००८ हें लीप वर्ष, आणि तो दिवस नेमका ३६६ वा. वजाबाकी होईना आणि अटही सुटेना. यंत्र तेथेंच फिरत राहिलें. ३६६ हा एकच आंकडा घेऊन तीन रकाने भरले असते, तर हा दोष दुसऱ्या ओळींत दिसला असता.

घरांतील वडील मंडळींना 'सी' येत नसली तरी येथें त्यांचें साहाय्य होऊं शकतें. मुलाशेजारीं बसून 'आतां क किती? अट खरी कीं खोटी?' एवढेंच विचारीत जावें. उत्तर मोठ्यानें देतां देतां दोष त्याचा त्यालाच सांपडतो, आणि आपणांस हा विषय येतो असा विश्वासही त्याबरोबर येतो. आमच्या वाचकांनीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा.