यादीतला शेतकरी आणि बांधीतला शेतकरी

धानावरील तपकिरी तुडतुड्यांसाठी शेतकरी कोणते औषध, केव्हा आणि कोणाच्या सांगण्यावरून फवारतात, हे जाणून घेण्यासाठी आम्ही रायपूरजवळच्या काही गावांत सर्वेक्षण हाती घेतले. महसुली नोंदींतील खातेदारांची यादी मिळवली आणि तीतून चिठ्ठ्या काढून नावे निवडली. नमुना निवड निर्दोष झाल्याचे समाधान वाटत होते. मात्र त्यांतील एका खातेदाराच्या शोधात आम्ही पोहोचलो ते शेतावर नव्हे, तर रायपूर शहरातील तात्यापारा या जुन्या मराठी वस्तीत.

त्या वयोवृद्ध गृहस्थांनी आमच्या सर्व प्रश्नांची आनंदाने उत्तरे दिली. औषध? शिफारशीप्रमाणे. मात्रा? ठरलेली असते तेवढीच. निघताना मी सहज विचारले, "यंदा शेतावर केव्हा गेला होतात?" ते हसून म्हणाले, "अहो, मी कशाला जातोय? जमीन रेगह्याने दिली आहे. फवारणीचं त्यालाच ठाऊक."

छत्तीसगडात ठरावीक मोबदल्यावर जमीन कसायला देण्यास रेगहा आणि निम्म्या वाट्याने देण्यास अधिया म्हणतात. महाराष्ट्रातील खंड व बटई यांचेच हे भाऊबंद. असे व्यवहार बहुधा तोंडी होतात. त्यामुळे जो प्रत्यक्ष पंप पाठीवर घेतो, त्याचे नाव आमच्या यादीत येण्याची शक्यताच नव्हती.

अशी चूक नमुना मोठा करून सुधारत नाही. 1936 मधील अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाकडे सुमारे 24 लाख मतपत्रिका परत आल्या होत्या. तरीही त्याचा अंदाज साफ चुकला आणि रूझवेल्ट प्रचंड बहुमताने विजयी झाले. साप्ताहिकाची यादी प्रामुख्याने दूरध्वनी व मोटारी बाळगणाऱ्यांची होती; शिवाय उत्तर न पाठवणाऱ्यांचे मत कळलेच नव्हते. व्हॉट्सॲप गटावर प्रश्नावली पाठवून शेकडो उत्तरे गोळा करणाऱ्या आपण सर्वांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा.

कृषी संशोधनाला हा धडा अपरिचित नाही. सातारा जिल्ह्यातील बुध येथे जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी 1940 च्या दशकात पीक कापणी प्रयोगांतील असाच दोष दाखवून दिला. कापणीचे क्षेत्र फार लहान असले, की हद्दीवरची रोपे आत धरण्याकडे कापणाऱ्याचा कल होतो आणि उत्पादन फुगून दिसते. दोष मोजणीच्या रीतीत होता. तशी आणखी क्षेत्रे कापून तो गेला नसता.

आम्ही कीटकशास्त्रज्ञ बांधालगतची रोपे टाळून, शेतात तिरकस चालत, चुडाच्या बुंध्याशी वाकून तुडतुडे मोजतो. माणसांना प्रश्न विचारताना मात्र रस्त्यालगतचे, ओळखीचे आणि उत्साही शेतकरी गाठतो. प्रश्नांच्या भाषेकडेही आपले दुर्लक्ष होते. छत्तीसगडातील शेतकरी धानावरील तुडतुड्यांना माहू म्हणतो. मोहरीवरील माव्यालाही तोच शब्द आहे. उत्तर लिहिणाऱ्याने 'माहू'चे सरळ 'मावा' केले, की अहवालात भलतीच कीड अवतरते.

पुढे आम्ही त्या रेगहादाराला भेटलो. दुकानदाराने उधारीवर दिलेली औषधाची बाटली त्याने दाखवली. ते कृत्रिम पायरेथ्रॉइड होते. कोळी आणि मिरिड ढेकूण हे तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रू अशा औषधाने मरतात आणि तुडतुडे पुन्हा उसळतात. तात्यापाऱ्यातील 'शिफारशीप्रमाणे' हे उत्तर आम्ही ग्राह्य धरले असते, तर त्या गावाला सल्ल्याची गरज नाही, असाच निष्कर्ष निघाला असता.

म्हणून विस्तार कार्यकर्त्यांना माझे सुचवणे असे, की यादीतून खातेदार नव्हे, तर शेत निवडावे आणि त्या बांधीत शेवटची फवारणी ज्याने केली, त्यालाच गाठावे. 'शिफारस पाळता का?' असे विचारू नये. शेवटची फवारणी कोणत्या दिवशी व कशाची झाली, हे विचारून रिकामी बाटली पाहावी. किडीचे नाव विचारण्याऐवजी कीडच दाखवावी. प्रश्नावली आधी पाच-दहा जणांवर पारखून घ्यावी आणि जे भेटले नाहीत, त्यांची संख्याही अहवालात नोंदवावी. प्रगतिशील शेतकऱ्यांनीही आपली जमीन दुसरा कोणी कसत असेल, तर सर्वेक्षकाला तसे स्पष्ट सांगून त्याच्याकडे पाठवावे. एवढ्याने सर्वेक्षणाचे दिवस वाढतील. पण सल्ला प्रत्यक्ष फवारणाऱ्यापर्यंत पोहोचेल.