संस्थेच्या नियमांत गावाचाही शब्द हवा



करमाळा तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला सीना. तरीही नदीपासून लांबच्या गावांना उन्हाळा आला की पाण्याची चिंता सुटत नाही. अशा मुलखात पाणी अडवायला, बचत गट उभे करायला, शाळेला हातभार लावायला सेवाभावी संस्था येतात. त्यांचे स्वागतच करावे. पण हार-नारळ दिला की आपले काम संपले, असे समजू नका. संस्थेने कोणते नियम पाळायचे, हे विचारण्याचा हक्क देणगीदाराइतकाच आपलाही आहे.

जुना नियम हिशेबाचा. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या संस्थेला दरसाल हिशेब तपासून घ्यावा लागतो आणि धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात द्यावा लागतो. तो हवाच, नाहीतर आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते. पण हा हिशेब वर जातो, खाली येत नाही. बंधाऱ्याला सिमेंट किती लागले, मजुरी किती वाटली, हे ज्याच्या बांधाला काम झाले त्यालाच पुष्कळदा ठाऊक नसते.

आता काळही बदलला. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्यातला दोन टक्के पैसा समाजकार्यावर खर्चायला सांगितला. पैसा वाढला, तशी मार्चअखेरची घाईही वाढली. फोटो काढायचे, आधारचा आकडा टिपायचा, अंगठा घ्यायचा आणि अहवाल धाडायचा. म्हणून जुने नियम पुरत नाहीत.

नियमात भर घालणे म्हणजे जुने मोडणे नव्हे. नगरकडचे हिवरे बाजार पाहा. नशाबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नसबंदी आणि श्रमदान या पाच सूत्रांवर गाव उभे राहिले. पुढे लोटाबंदी आणि शेतीसाठी बोअरबंदी यांची भर पडून सात सूत्रे झाली. गरज दिसली, तसा नियम वाढला.

जगातही तेच चालले आहे. आपत्तीत मदत करणाऱ्या संस्थांनी रेडक्रॉससह १९९४ मध्ये दहा कलमांची आचारसंहिता केली. देणाऱ्याला जसा जाब द्यायचा तसाच घेणाऱ्यालाही, आणि संकटातल्या माणसाला केविलवाणा करून दाखवायचे नाही, असे तिच्यात आहे. २०१४ मध्ये नऊ वचनांचा नवा दंडक आला आणि २०२४ मध्ये तो सुधारला. आता त्यातली वचने सुरू होतात ती लोकांपासून : निर्णयात भाग घेणे, न भिता तक्रार करणे हा त्यांचा हक्क.

हा हक्क कागदावरून गावात आणायचा तर संस्था येईल तेव्हा ग्रामसभेत चार गोष्टी विचारा.

एक, पैसा कोणाचा, किती आणि कशावर खर्चणार? तो तपशील ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून द्या म्हणावे.

दोन, फोटो आणि कागदपत्रे कशासाठी? नाही म्हटले तर मदत थांबता कामा नये.

तीन, तक्रार कोणाकडे करायची? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती ती पडू नये. बायकांची तक्रार ऐकायला बाईमाणूस हवे.

चार, संस्था गेल्यावर बंधाऱ्याचा गाळ कोण काढणार, पंप कोण दुरुस्त करणार? हे काम सुरू होण्याआधीच ठरवा.

उत्तरे ठरावाच्या वहीत लिहून घ्या. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. आया-बहिणींनी हे प्रश्न तिथे आधी मांडावेत. बचत गटाचा आणि घरच्या पाण्याचा भार त्यांच्यावरच असतो.

आणि एक कडू गोष्ट. नियम संस्थेला तसा आपल्यालाही. लाभार्थ्यांच्या यादीत भावकीची नावे घुसवायची, श्रमदानाला फक्त फोटोपुरते उभे राहायचे आणि मग संस्थेचा हिशेब मागायचा, हे शोभत नाही. यादी चावडीवर वाचा. विधवा बहीण किंवा भूमिहीन मजूर सुटला असेल, तर त्याचे नाव आधी घाला.

चांगल्या संस्थेला अशा प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला येतो, त्याला आपल्या बांधावर कुदळ मारू देण्याआधी दोनदा विचार करा.