मंदी मालकाची, उपवास कामगाराचा!

बाजारात मंदी आली की वर्तमानपत्रांतून दोन प्रकारच्या बातम्या येतात. उद्योगांना सवलती द्या, ही पहिली. कामगारांनी परिस्थिती समजून घ्यावी, ही दुसरी. २००८-०९ च्या जागतिक मंदीत हेच झाले. २०१९ साली वाहन उद्योगाचा खप घसरला तेव्हा 'नो प्रोडक्शन डे' हा नवा शब्द कामगार वस्त्यांत आला आणि २०२० च्या टाळेबंदीत तर सगळेच ठप्प झाले. कारखाना बंद पडत नाही, कामगाराला काढूनही टाकत नाहीत. फक्त सहाऐवजी तीन दिवस बोलावतात आणि पगारही तेवढाच हातावर ठेवतात. नोकरी टिकली म्हणून कामगार गप्प बसतो आणि चूल मात्र अर्धी पेटते.

आम्ही वकिली करतो आणि चळवळीतही काम करतो. त्यामुळे अशी माणसे आमच्याकडे येतात. २०१९ च्या मंदीनंतर एक कामगार बंधू आले होते. एकाच कंपनीत अकरा वर्षे नोकरी. चार महिने त्यांना आठवड्यातून तीनच दिवस काम मिळाले. सुपरवायझरने तोंडी सांगितले, "फोन केला की या." ते घरी थांबले, मधल्या दिवसांत नाक्यावर उभे राहून मिळेल ते काम केले. भरपाई मागितली तेव्हा व्यवस्थापनाचे उत्तर आले : काम होते, हा माणूसच गैरहजर होता! आमच्या हातात पगाराच्या चिठ्ठ्यांखेरीज एकही कागद नव्हता. शेवटी हक्काच्या रकमेपेक्षा कितीतरी कमी पैशांवर तडजोड करावी लागली. ही चूक त्या बंधूची नव्हती. कायदा ठाऊक असूनही तो वस्तीपर्यंत वेळेवर न पोहोचवणाऱ्या आमच्यासारख्यांची ती चूक होती. म्हणून आज हे लिहीत आहोत.

कायदा काय सांगतो? कच्चा माल नाही, वीज नाही, तयार माल पडून आहे, यंत्र बिघडले अशा कारणांनी मालक काम देऊ शकला नाही तर त्याला 'ले-ऑफ' म्हणतात. १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती झाली आणि अशा प्रत्येक दिवसासाठी मूळ पगार अधिक महागाई भत्ता यांच्या निम्मी रक्कम देणे मालकावर बंधनकारक झाले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. त्या संहितेतही हा हक्क कायम आहे. म्हणजे "काम नाही तर दाम नाही" हे वाक्य मालक कितीही जोरात बोलला तरी ते सरसकट खरे नाही.

पण हा निम्मा पगार खरोखर निम्मा असतो का? हिशेब करून पाहू. एखाद्याचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १३,००० रुपये आणि इतर भत्ते ७,८०० रुपये, असे एकूण २०,८०० रुपये आहेत. २६ दिवसांनी भागले तर रोज ८०० रुपये पडतात. दहा दिवस ले-ऑफ झाला तर ८,००० रुपये बुडाले. भरपाई मात्र ५०० च्या निम्म्याने, म्हणजे रोज २५०, एकूण २,५०० रुपये. घरी आले १५,३००. घरभाडे, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता मात्र निम्मा होत नाही. तो पुरताच भरावा लागतो.

याहून गंभीर प्रश्न पुढे आहे. ही भरपाई मिळते कोणाला? सरासरी ५० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, मस्टरवर नाव असलेल्या आणि वर्षाची सलग सेवा, म्हणजे किमान २४० दिवस, भरलेल्या कामगाराला. बदली आणि नैमित्तिक कामगार यातून वगळलेले आहेत. आता आपल्या वस्तीतील मुले कारखान्यात कोणत्या दाराने जातात ते आठवा. ठेकेदाराच्या दाराने! एका कारखान्यात पाच ठेकेदार, प्रत्येकाकडे चाळीस माणसे. माणसे दोनशे, पण कागदावर कोणाकडेच पन्नास नाहीत. मंदी आली की त्यांना ले-ऑफ मिळत नाही, 'ब्रेक' मिळतो. गेटपास काढून घेतला की विषय संपला. नव्या संहितांनी ठेका कामगारांच्या तरतुदींसाठीची मर्यादा २० वरून ५० वर नेली. ले-ऑफ, कपात आणि कारखाना बंद करण्यासाठी सरकारची पूर्वपरवानगी लागण्याची मर्यादाही १०० वरून ३०० कामगारांवर नेली. हा योगायोग समजायचा काय?

गिरण्यांच्या काळात मुंबईत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात प्रवेश नव्हता, कारण तेथे धागा तोंडाने ओढावा लागे. जास्त पगाराचे खाते अशा रीतीने जातीने बंद केले होते. आज दारावर जातीची पाटी नाही. पण सर्वात उशिरा आत आलेला, सर्वात कच्च्या कागदावर असलेला माणूस सर्वात आधी घरी जातो आणि तो बहुतेक वेळा आपलाच असतो. शेवटी आला तो आधी बाहेर, हा नियम दिसायला न्याय्य आहे. पण ज्यांच्या बापजाद्यांना दारच उघडले नव्हते, ते शेवटी येणार नाहीत तर कधी येणार?

१९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ते याच अनुभवातून. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांना एका टेबलावर बसवणारी त्रिपक्षीय परिषद चालवली. १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. तास कमी झाले ते कामगाराला माणूस म्हणून जगता यावे म्हणून. आज तास कमी होतात ते मालकाचा तोटा भरून निघावा म्हणून. शब्द एकच, अर्थ मात्र नेमका उलटा. आणि दुसरीकडे सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने कारखान्यांत दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तासांवर नेण्यास मंजुरी दिली! म्हणजे मागणी असेल तेव्हा बारा तास राबा, नसेल तेव्हा घरी बसा.

दुसरा मार्गच नाही असेही नाही. जर्मनीत मंदीत तास कमी झाले की बुडालेल्या निव्वळ पगाराच्या ६० टक्के, आणि घरी मूल असेल तर ६७ टक्के, सरकारी रोजगार विम्यातून मिळतात. २००९ आणि २०२० मध्ये या व्यवस्थेने लाखो नोकऱ्या वाचवल्या. आपल्याकडे ईएसआयसीची अटल विमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ मध्ये आली, पण ती नोकरी गेलेल्यासाठी. अर्धी नोकरी उरलेल्याने कोठे जावे? ईएसआयसीचा निधी कामगार आणि मालक यांच्या वर्गणीतून उभा राहतो. त्यातून अर्धबेकारीचा भत्ता द्या आणि तो ठेका कामगारालाही द्या, ही आपली मागणी असली पाहिजे.

ती मान्य होईपर्यंत काय करायचे? कामगार बंधू-भगिनींनो, एक, काम नसल्याचे तोंडी ऐकू नका, लेखी मागा. दोन, लेखी मिळत नसेल तर रोज ठरलेल्या वेळी गेटवर हजर राहा. दिवसातून एकदा हजर न राहणाऱ्याचा भरपाईचा हक्क जातो, हे कायद्यातच आहे. हजेरीचा पुरावा ठेवा, दोन सोबत्यांच्या सह्या असलेली वही पुरेल. तीन, सकाळी परत पाठवून दुसऱ्या अर्ध्या पाळीत बोलावले आणि तरीही काम दिले नाही, तर त्या अर्ध्या पाळीचा पूर्ण पगार मिळतो. चार, 'स्वखुशीने बिनपगारी रजा' अशा अर्जावर सही करू नका. त्या एका सहीने ले-ऑफची रजा होते आणि हक्क बुडतो. पाच, पगार किंवा तास यांत कायमचा बदल करायचा असेल तर मालकाने २१ दिवसांची नोटीस दिली पाहिजे, ती मागा. सहा, घरखर्चासाठी आठवड्याच्या हप्त्याचे कर्ज काढण्याआधी बचत गटात, नातलगांत विचारा. अर्ध्या पगारावर पुरते व्याज भरता येत नाही.

हे एकट्याने होणार नाही. रविवारी वंदनेनंतर विहारात एक तास कामगारांसाठी ठेवू या. एक वही, एक वकील, एक शिकलेला तरुण एवढे पुरे. कोणाला किती दिवस काम नाही, किती पैसे कापले, ठेकेदार कोण, हे त्या वहीत उतरू द्या. एकट्या माणसाची तक्रार साहेब कचऱ्यात टाकतो. चाळीस जणांची तारीखवार नोंद कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवली की तिला उत्तर द्यावे लागते. ती वही आमच्या त्या बंधूकडे असती, तर त्यांना हात हलवत परतावे लागले नसते.