ट्रॅक्टर दारासाठी की वावरासाठी?



22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 वर आला. घेण्याचा मोह होणारच. आमचे म्हणणे एवढेच, आधी वावराला विचारा.

बाळापूरच्या भारी काळ्या जमिनीत खोल नांगरटीला मोठाच ट्रॅक्टर लागतो. पण ती वर्षातून फार तर एकदा. ती भाड्याने करा. पुन्हापुन्हा लागते ती डवरणी, फवारणी. तिला 15 अश्वशक्तीचा छोटा पुरतो. मात्र चाकांची बाहेरून रुंदी मोजा; कपाशीच्या दोन ओळींतल्या अंतराहून ती वीतभर तरी कमी हवी.

वर्षाचे तास मांडा, भाड्याशी हप्ता ताडून पाहा. तास भरत नसतील तर चौघांत मिळून घ्या. ऐट चार दिवसांची. गहाण पडतो तो सातबारा आपला असतो.